म्हशीला विचारा

पिराजीचं डोकं गेलं, असं सगळ्यांच्या आधी म्हणणारी मीच. नंतर त्याचा मुलगा म्हणाला, डॉक्टर म्हणाला, आणि गल्ली तर काय, म्हणायला टपलेलीच असते. पण पहिलं तोंड माझं. तेव्हा आता जो राग मी कागदावर काढणार आहे, त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःच्या नावचा आहे, हे आधीच सांगून ठेवते. बाकीच्यांनाही मी सोडणार नाही.

मी श्यामला. गंगावेशीजवळच्या एका बोळात राहते. छत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. अठ्ठ्याहत्तर साली, म्हणजे हे सगळं घडलं तेव्हा, निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली होती. यजमान गेलेले, मुलगा नृसिंह पुण्याला बँकेत. शाळेत मी रागीट म्हणून प्रसिद्ध होते आणि ती प्रसिद्धी मी कष्टानं मिळवली होती.

पिराजी आमचा दूधवाला. सत्तरी उलटलेला, काटक, डोक्याला कायम गुलाबी पटका. त्याचा गोठा दुधाळीकडं होता. तिथून रोज सकाळी मोरणी आणि भुरी या दोन म्हशी घेऊन तो निघायचा आणि नऊ दारांशी थांबायचा. कोल्हापुरात आम्हाला दूध डोळ्यांदेखत काढलेलं लागतं. इतर गोष्टींत आम्ही जीवाला जीव देऊ, पण दुधाच्या बाबतीत सख्ख्या भावावरही विश्वास ठेवणार नाही. भांडं ज्याचं त्याचं, आणि त्यात सडातून थेट धार. मोरणी पुढं, तिच्या मानेवर हात टाकून पिराजी, मागं भुरी. कुठल्या बोळात वळायचं आणि कुणाच्या दाराशी उभं राहायचं हे मोरणी ठरवायची. ती थांबली की पिराजी उंबऱ्याकडं बघायचा आणि त्याचं तोंड सुरू व्हायचं. "धोंडुबाई, भांडं आना! लेक आलीया न्हवं बाळंतपणाला, आज अर्धा शेर जादा घ्या." कुणाला किती, कुणाकडं उपास, कुणाची सून माहेरी गेली, सगळं तिथल्या तिथं तोंडपाठ. वही नाही, पेन्सिल नाही.

एकदा तो मला महाद्वार रोडवर भेटला. मी हाक मारली, तर भिंतीकडं बघावं तसा माझ्याकडं बघत राहिला आणि पुढं निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा राहून म्हणतो, "बाई, तुमचा नरसू पुन्यासनं आला का? परवा येनार म्हणालतासा." मला तेव्हा गंमत वाटली. मी ती शेजारी दोन-तीन घरांत सांगितलीसुद्धा. जिभेला हाड नसतं ते असं.

मग आला तो चिकाचा दिवस. चैत्र होता. मोरणी व्याली होती आणि भुरी आटलेली, त्यामुळं फेरी बंद होती. म्हैस व्याली की पहिला चीक प्रत्येक घरी थोडाथोडा द्यायचा, ही पिराजीची रीत. आम्ही सगळ्याजणी खरवसाच्या आशेनं वाट बघत होतो. नऊ वाजले, दहा वाजले, पिराजी नाही. साडेदहाला मी भाजीला म्हणून बाहेर पडले, तर कोपऱ्यावरच्या नळाशी तो उभा. हातात झाकलेली दुधाची कासंडी. कपाळावरून घाम गळतोय. त्या नळापासून माझं दार पन्नास पावलांवर आहे आणि तीस वर्षं तो त्याच नळावर म्हशींना पाणी पाजत आला आहे.

मला बघून तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, हितनं कुटं जायाचं वो?"

मी त्याला घरी आणलं. कासंडी उघडली तर चीक उन्हानं पार आंबलेला. तीन तास तो माणूस बोळाबोळांतून हिंडत होता आणि एकही दार त्याला सापडलं नव्हतं. पाणी दिलं, बसवलं. माझ्या उंबऱ्याशी टेकल्यावर थोड्या वेळानं त्याला माझं नाव, माझं रोजचं माप, नृसिंहची बदली, सगळं आठवलं. मग त्याच्या डोळ्यांत जी भीती आली ती मी विसरणार नाही. "बाई, आकारामला ह्यातलं काय सांगू नगासा. त्यो म्हशी इकल."

"नाही सांगत," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी सांगितलं. आकाराम त्याचा एकुलता एक मुलगा, शिरोलीला एका फौंड्रीत साचे बनवणारा मोल्डर. दर रविवारी गोठ्यातलं शेण काढायला यायचा. मी स्वतः चालत गोठ्यावर गेले आणि अगदी शाळेत पालकांना सांगावं तसं सांगितलं, की वडिलांचं वय झालंय, विस्मरण होतंय, उद्या एखाद्या मोटारीखाली सापडतील, डॉक्टरला दाखवा. भल्यासाठीच सांगितलं. भल्यासाठी सांगणाऱ्या माणसांचा मला अलीकडं फार संताप येतो.

आकाराम वाईट नव्हता. आई, चिमणाबाई, चार वर्षांपूर्वी वारलेली. बायको बाळाबाई शिरोलीच्या दोन खोल्यांत दोन पोरं घेऊन. हा माणूस आठवडाभर वितळलेल्या लोखंडासमोर उभा राहून रविवारी शेण उपसत होता. त्याला निमित्त हवंच होतं, ते मी हातात दिलं. "तुमी शिकल्याल्या हायसा बाई, तुमी संगं चला डाक्तरकडं," असं तो म्हणाला आणि मी गेले. केवढी मोठी समजत होते मी स्वतःला!

डॉक्टर राजारामपुरीतला, तरुण, माझ्या एका विद्यार्थिनीचा नवरा. त्यानं आधी पिराजीच्या गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मग परीक्षा घेतली.

"आज तारीख काय?"

"पाडव्यापास्नं बारावा दिस."

"तारीख सांगा, आजोबा."

"ती मला कशाला लागती?"

"शंभरातून सात गेले किती?"

"कशापायी गेलं? कुनी न्हेलं?"

डॉक्टर हसला. मग मीच, अतिशहाणी, मध्ये तोंड घातलं. म्हटलं, त्यांना त्यांच्या धंद्यातलं काहीतरी विचारा. त्यानं विचारलं, "बरं, दूध किती घरी घालता? नावं सांगा त्यांची."

पिराजी खुर्चीत पुढं सरकला. त्यानं बोटं धरली. एक धोंडुबाई. दुसरं माझ्याकडं बघून, "ह्या बाई." तिसरं बोट त्यानं बराच वेळ दाबून धरलं. समोर पांढरी भिंत, टेबलावर काचेखाली औषधांच्या जाहिराती. मग एकदम त्याला सुटल्यासारखं झालं आणि तो म्हणाला, "म्हशीला इचारा. तिला ठावं हाय."

डॉक्टर माझ्याकडं बघून हसला. आकारामनं मान खाली घातली. आणि मीही हसले. छत्तीस वर्षं भूगोल शिकवूनही हसले. फळ्यापुढं उभं केल्यावर एक नाव न सांगता येणारी आणि पन्हाळ्याच्या सहलीत अख्ख्या वर्गाला बिनचूक वाट दाखवणारी मुलगी दर वर्षी एक तरी माझ्या वर्गात असायची. मला कळायला हवं होतं. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. इथं शीतसुद्धा दुसऱ्याच पातेल्यातलं होतं.

डॉक्टरनं कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि आकारामला सांगितलं की यांना एकटं सोडू नका. झालं. वैशाखात मोरणी आणि भुरी कसबा बावड्याच्या गुंडू नावाच्या दूधवाल्याला विकल्या. गोठ्याची जागा सोडली. पिराजीला शिरोलीला नेलं. आमच्या दाराशी पत्र्याच्या किटलीतून दूध यायला लागलं आणि आम्ही सगळ्या त्याला नावं ठेवत ते प्यायला लागलो.

श्रावणात मी शिरोलीला गेले. बरोबर खरवस नेला होता. दाराला बाहेरून कडी होती. बाळाबाईनं ती काढली आणि मला आत घेतलं. आत कॉटवर पिराजी बसलेला. पटका नव्हता. तीन महिन्यांत माणूस इतका खंगेल असं मला वाटलं नव्हतं. "पिराजीमामा, मी गंगावेशीतली," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडं पाहिलं. मांडीवर ठेवलेल्या त्याच्या हातांची बोटं मिटत होती, उघडत होती, धार काढताना व्हावीत तशी.

"बाहेरून कडी कशाला लावता गं?" मी बाळाबाईवर खेकसले.

ती धुणं पिळत होती. पिळा तसाच हातात धरून वळली. "मग काय करू? प्हाटं चारला उटून दार बडवत्यात. म्हशी सोडायच्या म्हंत्यात. दोनदा हायवेवर गेलं. एकदा ट्रकवाल्यानं आनून सोडलं. कापडातच हुतंय आता त्यांचं. तुमी शिकल्याली मानसं सांगून मोकळी हुतासा, बाई. धुतंय कोन?"

परतताना बसमध्ये मी इतकी संतापले होते की शेजारची बाई उठून दुसरीकडं जाऊन बसली. त्या खोलीत पिराजीच्या ओळखीचं होतं तरी काय? पत्रा, कॉट, कॅलेंडर. त्याचं अर्धं डोकं मोरणीच्या पायांत होतं आणि अर्धं आमच्या नऊ उंबऱ्यांवर. सगळं मिळून नीट चाललेलं होतं. आम्ही म्हशी बावड्याला पाठवल्या, त्याला शिरोलीला कोंडलं आणि वर म्हणालो, बघा, डोकं गेलं. एखाद्याची काठी काढून घ्यायची आणि तो पडला की म्हणायचं, बघा, याला चालता येत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि हा बंब मी स्वतः गोठ्यापर्यंत चालत जाऊन बोलावला होता.

दिवाळीच्या पाडव्याला त्याला एक दिवस माझ्याकडं आणून सोड, म्हणून मी आकारामच्या मागं लागले. पाडव्याला आमच्याकडं म्हशींचा दिवस. दूधवाले म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, पाठीवरचे केस कातरून नक्षी काढून, कवड्यांच्या माळा आणि घुंगरं घालून पंचगंगेच्या घाटावर आणतात. मग मालक पुढं पळत हाक मारतो आणि म्हैस गर्दीतून त्याच्या मागं धावते. ज्याची म्हैस एका हाकेला येते त्याची छाती त्या दिवशी फुगलेली असते. पिराजीनं चाळीस वर्षं एक पाडवा चुकवला नव्हता. आकाराम कुरकुरला, पण बसनं घेऊन आला. "सांजच्याला न्यायला येतो," म्हणाला.

चार वाजता मी पिराजीचा हात धरून घाटावर गेले. हलग्या वाजत होत्या. तो गर्दीला बुजला, माझा हात घट्ट धरून ठेवला. एकामागून एक म्हशी गेल्या. मग गुंडू आला, तिशीतला, फेटा बांधलेला. पुढं पळत "मोरणेऽ, चल, चल" ओरडत होता. मोरणीची शिंगं लाल रंगवली होती. ती चालत होती, पण धावेना. लोक हसायला लागले.

माझ्या हातातला हात सुटला. पिराजी दोन पावलं पुढं झाला आणि त्यानं जीभ टाळूला लावून एक आवाज काढला, मोठासुद्धा नाही, आणि म्हणाला, "मोरणे, ये गं बाय."

मोरणीनं मान वळवली. मग ती जी निघाली ती सरळ माणसांतून. लोक बाजूला पळाले. पिराजीपाशी येऊन तिनं त्याच्या छातीला नाक लावलं, आणि तिच्या मानेवर हात टाकून तो चालू लागला. मिरवणुकीच्या उलट्या दिशेनं, गावाकडं. मागून मी, माझ्या मागून गुंडू, "ओ आज्जा, म्हैस माझी हाय की!" असं हसत ओरडत.

शुक्रवार पेठेतून ती दोघं गंगावेशीत आली आणि पहिल्या बोळात वळली. मोरणी थांबली. "धोंडुबाई, भांडं!" पिराजीनं हाक दिली. आवाज तोच, गल्ली हलवणारा. धोंडुबाई फराळाचं ताट हातात घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. "लेकीला काय झालं, पोरगा का पोरगी?" त्यानं विचारलं. दुसऱ्या दारी कालिंदीच्या सासूचा दमा विचारला. तिसऱ्या दारी तो क्षणभर बघत राहिला, कारण पडदे नवे होते आणि दारातली नेहमीची खुर्ची नव्हती. मग म्हणाला, "हितलं अंबादास मास्तर गेलं जनू." मास्तर भाद्रपदात गेले होते. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी प्रत्येक दार मोजत होते. चौथं, पाचवं, सहावं. कुणी तांब्या आणला, कुणी तपेली. तो खाली बसून चार-चार धारा काढून देत होता आणि मोरणी पान्हा सोडत होती. एक नाव चुकलं नाही. एक माप चुकलं नाही. त्या डॉक्टरला बखोटीला धरून तिथं आणून उभं करावं, असं मला वाटलं. त्याला कशाला, मला स्वतःलाच कुणीतरी धरायला हवं होतं.

नववं दार माझं. तिथं मोरणी उभी राहिली आणि पिराजी म्हणाला, "बाई, भांडं आना."

गुंडू घाम पुसत पायरीवर बसला. तो आता हसत नव्हता. "सा म्हैनं झालं बाई, हिनं मला धड पान्हा सोडला न्हाय. आज्जाला माझ्याकडं ठेवा. गोठ्यावर खोली हाय, आय हाय माझी, जेवन घालंल. सकाळची फेरी ह्येच करू द्यात. मी संगं असतो की."

इतकं सोपं होतं. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी आकाराम दिसला. घाटावर त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तुझा बाप दुसऱ्याची म्हैस घेऊन पळाला. तो रागानं काळानिळा झाला होता.

"आबा, चला! सगळ्या पेठंत हसं केलंसा!"

मी आडवी आले. "आकाराम, त्यांना नऊच्या नऊ घरं आठवली. नावासकट. त्यांचं डोकं कुठंही गेलेलं नाही. गुंडू त्यांना ठेवून घ्यायला तयार आहे, तू नाही म्हणू नकोस. कसला मुलगा आहेस तू, बापाला कडी लावून ठेवणारा?"

तो थांबला. माझ्याकडं बघत हळू म्हणाला, "तुमीच आलतासा गोठ्यावर. डोस्कं गेलंय म्हणून तुमीच सांगितलंसा. आता म्हंतासा गेलं न्हाय. कुटलं खरं धरू, बाई?"

तो मला ओलांडून पिराजीपुढं जाऊन उभा राहिला. "सगळी आठवली न्हवं? धोंडुबाई आठवली, म्हैस आठवली. आबा, मी कोन? सांगा ह्यास्नी, मी कोन हाय?"

दारादारांत बायका उभ्या होत्या. पिराजीनं आकारामकडं नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या मागं कुठला उंबरा नव्हता. तो फौंड्रीतला माणूस, इथल्या कुठल्याच दाराचा नव्हता. पिराजीच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग ओळख नसलेल्या माणसाशी बोलावं तसं तो अदबीनं म्हणाला, "पावणं, भांडं आनलंय का तुमी?"

आकारामचा चेहरा मी पाहिला. तो पाहावा लागला म्हणून मला अजून कुणाचा तरी राग येतो आणि कुणाचा ते ठरत नाही. "सा म्हैनं मी ह्यास्नी आंगुळ घालतोय," तो म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "माझ्या हातनं जेवत्यात." त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि गुंडूकडं वळला. "ऱ्हाऊ द्यात. म्हशीला वळकत्यात न्हवं? म्हशीकडंच ऱ्हाऊ द्यात." आणि तो निघाला. मी हाक मारली, तो थांबला नाही.

मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. पिराजी सुटला होता.

पिराजी आकारामच्या पाठीकडं बघत होता. "उद्या भांडं घिऊन या, पावणं," तो मागून ओरडला. मग माझ्याकडं वळून त्यानं सहज विचारलं, "कुनाकडलं पावणं हुतं वो, बाई?"

गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी तपेली पुढं केली.